अडवायला गाडीच नव्हती

लग्नाच्या पंगतीत शेजारचा माणूस विचारतो, "काय करता?" मी सांगायचो, ब्रॉयलर कोंबड्यांचा सुपरवायझर आहे. त्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असे. "तुमी लोकं कोंबड्याईले इंजेक्शन मारून फुगवता म्हनतात, खरं काय?" सव्वीस वर्षं हा प्रश्न ऐकला. सुरुवातीला मी समजावून सांगायचो, की तीन हजार कोंबड्यांना एकेक सुई टोचायची तर मला सहा हात लागतील आणि शेतकऱ्याला दोन जन्म. पुढे पुढे मी नुसतं "हो" म्हणायला लागलो. विचारणाऱ्याचं समाधान व्हायचं आणि तो दुसऱ्यांदा रस्सा मागून घ्यायचा.

तेलंगणाच्या आदिलाबाद जिल्ह्यातलं भीमपूर मंडल, म्हणजे तालुकाच, त्यातली पैनगंगेच्या अलीकडची गावं ही माझी हद्द. कंपनीचं नाव राहू द्या. पेन्शन देत नाही, पण दिवाळीला अजून मिठाईचा डबा पाठवते. कंपनी तेलुगूत बोलायची, व्यापारी हिंदीत, शेतकरी आपल्या मराठीत. तिघांचं एकमेकांना कळावं म्हणून मला पगार होता. कोंबडीला काय वाटतं ते कळवायची नोकरी मात्र कुणाकडेच नव्हती.

धंदा असा चालतो. कंपनी एका दिवसाची पिल्लं खोक्यांत घालून आणून देते. खाद्य तिचं, औषध तिचं, सुपरवायझर तिचा. शेतकऱ्याचं शेड, पाणी, वीज, मजुरी आणि झोप. खाली धानाच्या तुसाचा थर, वर कागद, त्याच्यावर बल्ब. पहिले आठ-दहा दिवस पिल्लांना आईची ऊब विजेवर द्यावी लागते. बेचाळीस दिवसांत ती पिवळी गोळी दोन-सव्वादोन किलोची होते. मग व्यापाऱ्याची गाडी येते, हमाल कोंबड्या पायांनी उलट्या धरून क्रेटमध्ये भरतात, वजन होतं, आणि शेतकऱ्याला किलोमागे पाळणावळ मिळते. वाढवली त्यानं, तरी कोंबडी त्याची नसतेच. मेली की मात्र त्याचीच, कारण जिवंत गेली तर पाळणावळ आणि मेली तर तिनं खाल्लेल्या खाद्याची कपात. आमच्याकडचे लोक म्हणत, कोंबडी कंपनीची, मरण आपलं.

म्हणून या धंद्यात मरणापेक्षा मरणाच्या कारणाला जास्त मोल. प्रत्येक शेडमध्ये एक कार्ड टांगलेलं असतं. रोज किती खाल्लं, किती मेल्या, आणि शेवटी "कारण" असा एक रकाना. तो सुपरवायझरनं भरायचा. थंडी, आजार, ऊन, निष्काळजी. कोंबड्या जास्त मेल्या की बॅच बिघडली असं धरतात, आणि एकाच शेडच्या लागोपाठ तीन बॅचा बिघडल्या की कंपनी त्या शेडला पिल्लं देणं थांबवते. सूट एकच. बंद, पूर, दंगा असं काही बाहेरचं आडवं आलं, तर ती बॅच हिशेबात घेत नसत.

गिऱ्हाईकं म्हणाल तर नाना तऱ्हेची भेटली. भैंशाकडचा एक व्यापारी होता. आठवड्याला हजारो कोंबड्या उचलायचा, पण स्वतः पक्का शाकाहारी. अंड्याचा केक आणला म्हणून त्यानं एकदा घरच्या वाढदिवसाचं ताटच सोडलं होतं. मी विचारलं तर म्हणाला, "मुनेश्वरजी, मैं मुर्गी को हाथ नहीं लगाता. मैं सिर्फ रेट को हाथ लगाता हूँ." त्याची गाडी कुठल्या गावाला आधी जायची आणि कुठल्या गावाला मग, ते त्याचा फोन ठरवायचा.

आणि श्रावण. प्राण्यांच्या बाजूनं आजवर एकच आंदोलन यशस्वी झालेलं मी पाहिलं, ते श्रावणाचं. ना बॅनर ना घोषणा, आणि महिनाभर अख्खा मुलूख कोंबडी सोडतो. पण कंपनीही पंचांग बघते. ती महिना-दीड महिना आधीच पिल्लं कमी टाकते. म्हणजे श्रावणात कोंबडी वाचत नाही, ती जन्मतच नाही. पुढे पोळ्याच्या दिवशी बैलांना पुरणपोळी चारायची आणि दुसऱ्या दिवशी करीला हंडी चढवायची. त्या एका दिवसाच्या मागणीसाठी आम्ही महिनाभर आधीपासून धावत असायचो.

आता त्या दिवसाकडे येतो. एवढं सगळं त्याच्यासाठीच सांगत होतो.

कांताबाई डहाके ही माझ्या हद्दीतली एकमेव बाई जिचं शेड तिच्या स्वतःच्या नावावर होतं. नवरा कापूसवाला. त्यांच्या घरात नवऱ्याच्या कापसाला मान होता आणि बायकोच्या कोंबड्यांना वास. तिनं बांधाकडेची जागा हट्टानं मागून घेतली, शेड उभारलं, आणि त्या पाळणावळीवर थोरली मुलगी आदिलाबादला नर्सिंगला घातली. "कापूस घरादाराचा, कोंबड्या माह्या पोरीच्या," असं ती म्हणायची. मुलीचं दुसरं वर्ष चालू होतं. पण त्या वर्षी हिवाळ्यातली बॅच आजारानं गेली आणि त्यानंतरची खाद्य ओलं झाल्यानं बिघडली. मे महिन्यातली ही तिसरी. ही गेली तर शेड बंद, आणि शेड बंद तर मुलगी घरी. मला हे माहीत होतं, तिलाही होतं. म्हणून आम्ही त्याबद्दल बोलत नव्हतो.

बॅच झकास आली होती. बेचाळीस दिवस भरले तेव्हा मी मॅनेजरला फोन केला, ऊन वाढतंय, उचला. तो हैदराबादचा, हिंदीच बोलायचा. म्हणाला, "परसों. रेट खुल रहा है." दोन दिवसांनी भाव चढणार होता. आदिलाबादच्या मे महिन्यात दोन दिवस म्हणजे काय, हे एअरकंडिशन खोलीत कळत नाही. कोंबडीला घाम येत नाही. जितकी जड, तितकी ती आतून तापते. मी एकदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगायला हवं होतं, सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला गाडी येणार होती. सहा वाजले, आठ वाजले. शाकाहारी व्यापाऱ्याचा फोन लागेना. लागला तेव्हा कळलं, गाडी आधी नांदेडच्या बाजूला गेली, तिकडे भाव बरा होता.

अकरा वाजता धूळ उडाली. कांताबाई म्हणाली, "आली बाप्पा एकदाची." आली ती गाडी नव्हे, दोन टेम्पो ट्रॅव्हलर होते. हैदराबादहून आलेली पंधरा-सोळा तरुण पोरंपोरी उतरली. डोक्यावर टोप्या, हातात पाण्याच्या स्टीलच्या बाटल्या. त्यांनी शेडकडे येणाऱ्या वाटेवर एक लांबलचक कापडी बॅनर ताणून धरला आणि त्याच्यामागे बैठक मारली. बॅनरवर इंग्रजी आणि तेलुगू. गाव मराठी. शिवाय मधोमध चित्र काढलेलं होतं ते गावरान कोंबड्याचं, लाल तुरा, हिरवी-काळी शेपटी. गावातला एकजण सायकल थांबवून बराच वेळ बघत राहिला आणि मग विचारता झाला, "गावरानी काय भाव देऊन राह्यले?"

कांताबाईनं मला विचारलं, "काय लिवलंय त्याच्यावर?"

मी सांगितलं, "कोंबड्यांनाही जगायचा हक्क आहे, असं."

"मंग मी काय येगळं सांगून राह्यली? मले तं एकबी मरू द्याची नाई." आणि ती चहा टाकायला गेली. दारात आलेल्याला चहा द्यायचा, मग तो कुणाविरुद्ध का बसलेला असेना. पण ती मंडळी दूध घेत नव्हती. दुधावर गाईच्या वासराचा हक्क, असं त्यांचं म्हणणं. कांताबाईनं कोरा चहा दिला. "वासरासाठी इतकं करतात, पोरं चांगल्या घरची दिसतात," म्हणाली.

त्यांच्यातली एक पोरगी चहाचे कप परत घेऊन आली. ऋजुता तिचं नाव. मूळची नागपूरची, हैदराबादला संगणकाच्या कंपनीत. मराठी येणारी तेवढी एकच. तिनं मला विचारलं, "काका, आम्ही तुमची गाडी अडवणार आहोत, तुम्हाला राग नाही आला?"

म्हटलं, "गाडी आली तर राग येईल. अडवायला गाडी तर पाहिजे!"

खरोखरच त्या दिवशी अकरापासून त्यांनी एकच वाहन अडवलं, ते गारेगारवाल्याचं. त्याला "यात दूध आहे का?" असं विचारलं, त्यानं "नाई, नुसता रंग आन साखर," सांगितल्यावर अर्ध्या तासात त्याची पेटी रिकामी झाली. आंदोलनामुळे रोजगार बुडतो म्हणणाऱ्यांनी त्याला भेटावं.

बारा-सव्वाबाराला वीज गेली.

पंखे थांबले की शेडमधला आवाज बदलतो. आधी सगळ्या मिळून एक सळसळ असते, मग तीन हजार चोची उघडतात आणि धाप ऐकू येऊ लागते. कोंबड्या पंख पसरून तुसावर बसतात. बसली की पोटाखालची उष्णता कोंडते आणि ती उठत नाही. आमच्यात म्हण आहे, बसली ती गेली, उठली ती जगली. मी कांताबाईला म्हटलं खाद्याची भांडी वर घ्या, पाण्यात गूळ टाका. ती केव्हाच टाकीकडे धावली होती. मोटर बंद, टाकीतलं पाणी चहासारखं. विहीर दीडशे पावलांवर.

मी बाहेर आलो. माझा आवाज चढला असणार. म्हटलं, "तुम्हाला कोंबड्या जगवायच्या आहेत ना? मग उठा. तासाभरात अर्ध्या मरतील."

त्यांचा म्होरक्या, दाढीवाला, मोबाइलवर चित्रीकरण करत होता. तो म्हणाला, हा आंदोलन मोडायचा डाव आहे. ऋजुता उठून आत गेली. दोन मिनिटांत बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिनं इंग्रजीतून काही सांगितलं आणि सगळे उठले. हे त्यांच्याबद्दल सांगितलंच पाहिजे. एकानंही "आपलं काय जातं" असं म्हटलं नाही.

साडेबारा-एकपासून चार-साडेचारपर्यंत जे झालं तसं मी नोकरीत पुन्हा पाहिलं नाही. हैदराबादची संगणकातली पोरं विहिरीपासून रांग लावून घागरी हातोहात देत होती. पोती भिजवून जाळ्यांवर टांगली. पोती संपली तेव्हा ऋजुतानं बॅनर काढून आणला, विहिरीत बुचकळला, आणि आम्ही तो पश्चिमेच्या अंगाला उन्हाच्या आड बांधला. जगण्याच्या हक्काचा बॅनर त्या दिवशी खरोखर कामाला आला. मुलींनी ओढण्या भिजवल्या. आत मी आठ जणांना दोन ओळींत चालायला शिकवलं, पाय न उचलता, सरकवत, म्हणजे बसलेल्या कोंबड्या उठतात आणि खालची वाफ निघून जाते. बोलायचं नाही. ओरडलं तर कोंबड्या घाबरून एका कोपऱ्यात ढीग करतात आणि खालच्या गुदमरतात. घोषणा देण्यासाठी तीनशे किलोमीटर आलेली माणसं चार तास मुक्यानं पाय सरकवत फिरत होती.

कांताबाई मेलेल्या उचलून पोत्यात भरत होती. तिचे ओठ हलत होते, ती मोजत होती. अडीचशेपर्यंत मोजल्यावर तिनं मोजणं सोडलं. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "भाऊ, पोरीले आज फोन नका करू देऊ मले. रडू येईन."

एकदा विहिरीवर ऋजुतानं माझ्या मोटरसायकलवरचं "जय भीम" वाचलं. घागर ओतता ओतता म्हणाली, "काका, तुम्ही विहारात जाता, शील घेता. आणि हे काम?"

मी म्हटलं, "दर पौर्णिमेला घेतो. प्राण्याची हिंसा करणार नाही, हे पहिलंच शील. घेताना आवाज जरा बारीक करतो."

ती हसली. मीही हसलो. हातातलं काम थांबलं नाही.

साडेचारला गाडी आली. ऊन कलत होतं, धाप कमी झाली होती. मेल्या त्या चारशेच्या आत-बाहेर. ही पोरं नसती तर हजार-बाराशे सहज गेल्या असत्या, हे मी कुठल्याही विहारात हात वर करून सांगेन. ऋजुतानं मला विचारलं, "आता यांना गाडीत घातलं नाही तर?"

"उद्या पुन्हा दुपार आहे," मी म्हटलं. "गाडी चालली की वारा तरी लागतो."

ती विहिरीच्या काठावर शेडकडे पाठ करून बसली आणि सगळी भराई होईपर्यंत तशीच बसून राहिली. म्होरक्यानं मात्र भराई सुरू व्हायच्या आधी गाडीपुढे दोन मिनिटं हात पसरून उभं राहून चित्रीकरण करून घेतलं. ड्रायव्हरनं सहकार्य केलं. रागीट चेहरासुद्धा केला. मग काचेतून डोकं काढून विचारलं, "हो गया भैया?"

संध्याकाळी मी कार्ड भरायला बसलो. "कारण" या रकान्यापुढे पेन थांबलं. खरं कारण लिहायचं तर असं लिहावं लागलं असतं : कंपनीनं भावासाठी दोन दिवस उचल लांबवली, व्यापाऱ्यानं गाडी दुसरीकडे पाठवली, आणि सुपरवायझर एकदा बोलून गप्प बसला. असलं कारण कंपनी वाचत नाही. ती कार्ड मला परत पाठवते आणि "ऊन, निष्काळजी" असं लिहून मागते. म्हणजे तिसरी बॅच. मी मॅनेजरला फोन लावला. तोच म्हणाला, "अरे, वो लोग आये थे ना? रस्ता रोका ना? वही लिखो." त्याच्याही मानेवरचं ओझं उतरत होतं.

मी लिहिलं : आंदोलकांनी अकरा ते साडेचार रस्ता अडवल्यामुळे गाडीस साडेपाच तास उशीर, उष्माघात.

कांताबाईला सातवीपर्यंतचं वाचता येत होतं. तिनं कार्ड दोनदा वाचलं. "असं काऊन लिवलं भाऊ? पोरायनं तं पानी वाह्यलं."

"कांताबाई, तुम्हाला शेड पायजे का खरं पायजे?"

तिनं पेन घेतलं आणि सही केली. सही करताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

ती बॅच हिशेबात धरली गेली नाही. कंपनीनं पेपरात बातमी दिली, आंदोलनामुळे चारशे कोंबड्या दगावल्या. आंदोलकांनी आपल्या मोबाइलवर चढवलं, आम्ही मृत्यूची गाडी साडेपाच तास रोखली. दोघांचं म्हणणं तंतोतंत जुळत होतं. दोघांनाही ते हवंच होतं. एवढ्या चांगल्या साक्षी कोर्टातसुद्धा जुळत नाहीत.

ऑगस्टमध्ये एका रविवारी ऋजुता आदिलाबादला माझ्या घरी आली. एकटीच, पहाटेच्या बसनं. वाळली होती. ग्रुप सोडला म्हणाली. बायकोनं कोरा चहा केला. तो हातात धरून तिनं विचारलं, "काका, मला एवढंच सांगा. आमचं ऐकून गाडी मागेच कुठेतरी थांबली होती का? आम्ही रस्त्यात बसलो नसतो तर त्या चारशे वाचल्या असत्या का? पेपरात आलं तेव्हापासून मला झोप नाही. मी त्या मेलेल्या हातात धरल्या होत्या."

एक वाक्य पुरलं असतं. तुम्ही अडवायला गाडीच नव्हती, पोरी. पण कांताबाईची नवी बॅच वीस दिवसांची होती, मुलीच्या तिसऱ्या वर्षाची फी भरायची होती, आणि ही पोरगी उद्या ते मोबाइलवर लिहील की काय, ही धास्ती. माझीही नोकरी होतीच, उगाच मोठेपणा घेत नाही. मी म्हटलं, "गाडीला उशीर तर झालाच ना. ऊन होतं. तुम्ही मुद्दाम थोडंच केलं?"

तिनं मान हलवली. चहा पूर्ण प्यायली. "जय भीम काका," म्हणाली आणि गेली.

त्या रात्री मला कळलं की मी आयुष्यभर भलत्याच शीलाला भीत होतो. पहिलं शील घेताना आवाज बारीक करायचो, आणि मोडलं ते चौथं, खोटं न बोलण्याचं. तेही माणसाशी, आणि तेही जिनं कोंबड्यांसाठी ओढणी भिजवली तिच्याशी. कोंबड्यांचं मला वाईट वाटत नाही असं नाही. पण त्या पोरीच्या चेहऱ्याचं जास्त वाटतं. अजूनही.

यंदा या अंकाच्या संपादकांनी नोकरीतले अनुभव लिहा म्हटल्यावर मी हेच लिहायचं ठरवलं. आता मी निवृत्त आहे. कांताबाईची मुलगी सरकारी दवाखान्यात नर्स आहे. शेड दोन वर्षांपूर्वी कांताबाईनं स्वतःहून बंद केलं, आता त्यात नवऱ्याचा कापूस असतो. कुणाचं नुकसान होणार नाही. तरी सही तिचीही होती, म्हणून मी परवा कागद घेऊन गावी गेलो आणि ओसरीवर बसून तिला इथपर्यंतचं सगळं वाचून दाखवलं. विचारलं, "छापायला देऊ ना? ऋजुताच्या नजरेस पडेल कधीतरी. तिला खरं कळायला पाहिजे."

कांताबाई शेंगा फोडत होती. म्हणाली, "छापा न. पन तिले काय कळाचं राह्यलं?"

"म्हणजे?"

"तुमच्या घरून निघाली तं सरळ माह्याकडं आली ते पोरगी. त्याच दिवशी. इथीसाच बसली होती. म्या सांगतलं तिले, बाई, गाडी यायाचीच नव्हती तवा, तुमी तं माह्या कोंबड्या वाचवल्या. लई रडली. मंग जेवली."

"आणि मला का नाही सांगितलं?"

"तिनंच म्हनलं, काकाले सांगजा नोका. त्याईले वाईट वाटन."

दरवर्षी चौदा एप्रिलला सकाळी ऋजुताचा मला निरोप येतो. जय भीम काका, तब्येत सांभाळा. इतकी वर्षं तो वाचताना मला वाटायचं, बिचारीला काहीच माहीत नाही.